किमान वेतन: रायपूरचे दरपत्रक आणि हातात पडणारी रोजी

छत्तीसगडमध्ये किमान वेतनाचा दर वर्षातून दोनदा बदलतो, १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला. सिमल्याच्या श्रम ब्यूरोने काढलेला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक हा त्याचा आधार. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांच्या सरासरीवरून एप्रिलचा महागाई भत्ता ठरतो आणि जानेवारी ते जूनच्या सरासरीवरून ऑक्टोबरचा. श्रमायुक्तांचे हे दरपत्रक ४५ अनुसूचित नियोजनांना, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या धंद्यांना, लागू होत आले आहे. त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि उच्चकुशल असे कामगारांचे चार वर्ग आहेत, आणि राज्याची अ, ब, स अशी तीन क्षेत्रे. रायपूर अ क्षेत्रात येते. क्षेत्राक्षेत्रांतला फरक रोजाला साधारण दहा रुपयांचा असतो. शेतमजुरांचा दर वेगळ्या निर्देशांकावर चालतो आणि अगरबत्ती वळणाऱ्यांना तो हजार काड्यांमागे मोजला जातो. रायपुरातल्या अकुशल कामगाराचा मासिक दर २०२४-२५च्या सुमारास अकरा हजार रुपयांच्या आतबाहेर होता. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजी सव्वाचारशेच्या जवळपास जाते.

दर सहा महिन्यांनी वर्तमानपत्रांत ‘मजुरांच्या वेतनात वाढ’ असा मथळा येतो. ही वाढ नसते. तूर, तेल, भाजी आणि घरभाडे मागच्या सहा महिन्यांत जितके महागले, तितकी भरपाई तेवढी होते, आणि तीही महागाई होऊन गेल्यावर. खरी वाढ होते ती मूळ वेतनाची फेररचना झाल्यावर. १९४८च्या किमान वेतन कायद्यानुसार ही फेररचना जास्तीत जास्त पाच वर्षांनी व्हायला हवी होती. शेजारच्या मध्य प्रदेशात २०१४नंतर ती थेट १ एप्रिल २०२४ला झाली. दहा वर्षे तुंबलेली वाढ एकदम पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली, कारखानदार उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेले, मे महिन्यात स्थगिती आली आणि ती उठायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात लाखो कामगारांचा पगार जुन्या दरावर गेला. वाद वाढीच्या आकड्यावर झाला, पण त्याचे मूळ दहा वर्षांच्या दिरंगाईत होते. दर पाच वर्षांनी थोडे थोडे वाढवले असते, तर कुणाचाही कारखाना हादरला नसता.

या कायद्याचा उगम महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचा वाटेल असा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. ११ एप्रिल १९४६ला किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले. त्याआधी द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभरातल्या कामगारांच्या कमाईची आणि राहणीची पाहणी केली होती. स्वातंत्र्यानंतर जगजीवनराम मजूरमंत्री असताना कायदा झाला आणि १५ मार्च १९४८पासून अमलात आला. पहिल्या अनुसूचीत जे मोजके धंदे होते, त्यांत भात, पीठ आणि डाळीच्या गिरण्या होत्या, विडी होती, लाख होती, रस्ते आणि इमारतींची बांधकामे होती. जिथे कामगार विखुरलेला, संघटना नसलेला आणि घासाघीस करायला असमर्थ, असेच धंदे निवडले गेले होते. छत्तीसगड तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा भाग होता, आणि भाताच्या गिरण्या हाच रायपूर परिसराचा मुख्य उद्योग होता. म्हणजे हा कायदा पहिल्या दिवसापासून रायपूरच्या मजुरासाठीच होता, असे म्हणायला हरकत नाही.

कायद्याने दर ठरवायला सांगितला, पण कसा ठरवायचा ते सांगितले नाही. ते काम १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने केले. कामगार, त्याची बायको आणि दोन मुले यांचे मिळून तीन ‘उपभोग एकक’ धरायचे, प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असे हे सूत्र होते. रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. या सूत्रात एक उणीव जन्मापासूनची आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना त्यात जागा नाही, आणि घरातल्या बाईला पुरुषापेक्षा कमी अन्न लागते असे धरलेले आहे. विटा वाहणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? डॉ. अनूप सत्पथी यांच्या समितीने २०१९ साली एकके ३.६ धरली, कॅलरी २,४०० केल्या, पण प्रथिने आणि स्निग्धांश यांची मापे जोडली आणि राष्ट्रीय पातळीवर दिवसाला ३७५ रुपयांचा दर सुचवला, शहरात घरभाडे वेगळे. त्या वेळी केंद्राचा राष्ट्रीय तळाचा दर १७६ रुपये होता. समितीची शिफारस मानली गेली नाही. तळाचा दर दोन रुपयांनी वाढून १७८ झाला.

राज्यांचे दर या सूत्रावरून निघाले असते, तर शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन माणसांच्या रोजीत फार फरक पडला नसता. रायपुरात तो पडतो आणि डोळ्यांना दिसतो. रेल्वे, विमानतळ, केंद्रीय सार्वजनिक उपक्रम ही ठिकाणे केंद्राच्या अखत्यारीत येतात. १ ऑक्टोबर २०२४पासून केंद्राने बांधकाम, झाडलोट आणि मालाची चढउतार या कामांतल्या अकुशल मजुराचा दर अ वर्गाच्या शहरांत ७८३, ब वर्गात ६५५ आणि क वर्गात ५२३ रुपये ठेवला. रायपूर केंद्राच्या यादीत ब वर्गात आहे. त्या दरांनी रायपूर स्थानकाच्या फलाटावर झाडू मारणाऱ्या ठेका कामगाराला कागदोपत्री ६५५ रुपये, आणि स्थानकाबाहेर येऊन एखाद्या खासगी इमारतीत तोच झाडू मारणाऱ्याला सव्वाचारशे. महिन्याला हा फरक सहा हजारांच्या आसपास जातो. दोघांचा किराणा एकाच दुकानातून येतो. राज्याचा दर कुटुंबाच्या गरजेवर बेतला आहे, असे म्हणणाऱ्याने आधी या फरकाचे उत्तर द्यावे.

नियोगींचा वारसा

छत्तीसगडमध्ये वेतनाचा प्रश्न दरपत्रकातून कमी आणि रस्त्यावरून जास्त सुटत आला आहे. राजनांदगावच्या बंगाल नागपूर कॉटन मिल्समध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९२० साली झालेला संप महिन्याहून जास्त चालला. पण या प्रदेशावर खोल ठसा उमटला तो दल्ली राजहऱ्याचा. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या या खाणींत कारखान्याचे कायम कामगार होते आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त ठेक्याचे. एकाच डोंगरावर एकच खनिज काढणाऱ्या या दोन वर्गांच्या मजुरीत आणि बोनसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. १९७७ साली ठेका मजुरांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला आणि शंकर गुहा नियोगी त्याचे नेते झाले. काम नसलेल्या दिवसांची मजुरी आणि पावसाळ्याआधी झोपड्या शाकारण्यासाठी बांबू-बल्लीचा भत्ता या त्यांच्या मागण्या होत्या. २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळीबार केला. अकरा माणसे मेली. पुढच्या वर्षांत मजुरी अनेक पटींनी वाढली.

वाढलेल्या मजुरीचे पुढे काय झाले, हा या कथेचा भाग वेतनवाढीच्या विरोधकांनी आणि समर्थकांनी सारखाच वाचायला हवा. हातात पैसा आला तशी दारूची दुकाने फुलली आणि वाढीतला मोठा वाटा तिथे जाऊ लागला. संघटनेने हे लपवले नाही. तिने दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि त्यात बायका पुढे होत्या. पाठोपाठ शाळा निघाल्या. गोळीबारात मेलेल्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी आपल्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. ते ३ जून १९८३ला सुरू झाले आणि आजही चालते. गरिबाला जास्त पैसे दिले तर तो उडवतो, हा आक्षेप रायपूरच्या व्यापाऱ्यांत अजून ऐकू येतो. राजहऱ्याने त्याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी दिले आहे: पैसा वाढला आणि त्यासोबत संघटना असली, तर मजूर त्या पैशातून इस्पितळ बांधतो.

१९९० साली नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांचा लढा उभारला. जगण्यापुरते वेतन, कायम कामाला कायम कामगार आणि संघटनेचा हक्क या मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे ते घरात झोपलेले असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ला भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पुन्हा डझनाहून जास्त माणसे गेली. हत्येच्या खटल्यात दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ साली उद्योगपतींसह आरोपींना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने १९९८मध्ये सर्वांना सोडले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकट्याला दोषी धरून जन्मठेप दिली. छत्तीसगडमध्ये किमान वेतनाची चर्चा आजही दबक्या आवाजात का होते, याचे एक कारण या तारखांत आहे.

बारा तासांचा हिशेब

रायपूरच्या उत्तरेला उरला, भनपुरी, बिरगाव आणि सिलतरा हा औद्योगिक पट्टा आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉय आणि वायरचे कारखाने इथे एकमेकांना लागून आहेत. मजूर छत्तीसगडच्या खेड्यांतला आहे, तसाच बिहार, ओडिशा, झारखंड आणि उत्तर प्रदेशातला. बहुतेकांचे नाव कारखान्याच्या मस्टरवर नसते, ठेकेदाराच्या किंवा त्याच्याही खालच्या पेटी ठेकेदाराच्या वहीत असते.

इथल्या मजुराला ‘किती मिळतात’ असे विचारले, तर महिन्याचा आकडा ऐकू येतो आणि तो अनेकदा दरपत्रकापेक्षा मोठा असतो. म्हणून किमान वेतन पाळले जाते असा समज होतो. तो आकडा किती तासांचा, हे विचारले जात नाही. किमान वेतनाचा दर आठ तासांच्या दिवसाचा आणि ४८ तासांच्या आठवड्याचा असतो. त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, असे कायदा सांगतो. भट्टीवर मात्र बारा तासांच्या दोन पाळ्यांची चाल आहे. समजा, दर महिना अकरा हजार आहे. २६ दिवस, रोज बारा तास, म्हणजे रोजचे चार तास जादा. चार तासांचे दुप्पट म्हणजे आठ तासांचे पैसे. याचा अर्थ बारा तासांच्या पाळीला कायद्याने बरोबर दुप्पट वेतन होते: बावीस हजार. त्या मजुराला पंधरा हजार मिळत असतील, तर ते किमान वेतनाहून चार हजार जास्त नाहीत. ते सात हजार कमी आहेत. साप्ताहिक सुट्टीही कामात गेली, तर तूट आणखी वाढते.

हा हिशेब भिंतीवर लावलेल्या दरपत्रकात कुठेच दिसत नाही. तपासणीच्या वेळी समोर येणाऱ्या रजिस्टरमध्ये आठ तास आणि २६ दिवस व्यवस्थित भरलेले असतात. उरलेले तास ‘इन्सेंटिव्ह’, ‘हजेरी बक्षीस’ अशा नावांनी किंवा रोखीने, पावतीशिवाय दिले जातात. पैसे बँकेतून द्यायची सक्ती आली, तेव्हा ही पळवाट बुजेल असे वाटले होते. पण कामगार संघटना देशभर ज्याच्या तक्रारी करतात, ते प्रकार इथेही आहेत. पूर्ण वेतन खात्यावर जमा होते आणि ठरलेला भाग मजूर ठेकेदाराला रोख परत करतो. काही ठिकाणी एटीएम कार्डच ठेकेदाराकडे असते. मजूर हे का करतो? काम हवे असते आणि दुसऱ्या दिवशी गेटवर कुणाला आत घ्यायचे ते ठेकेदार ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांबद्दलच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३खाली वेठबिगारी आहे, असे सांगितले. मजूर राजी असला तरी. पोटाची निकड ही सक्तीच होय, असा त्या निकालाचा गाभा आहे.

कमी लिहिलेल्या वेतनाचा तोटा महिन्याच्या शेवटी संपत नाही. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के त्याच आकड्यावर कापले जातात. कर्मचारी राज्य विम्याची आजारपणातली भरपाई त्यावर ठरते. अपघातात माणूस गेला, तर मागे राहिलेल्या घराला मिळणारे निवृत्तिवेतनही त्यावरच. सप्टेंबर २०२५मध्ये सिलतरातल्या एका पोलाद कारखान्यात बांधकाम कोसळून सहा कामगार मृत्युमुखी पडले. या पट्ट्यात असे अपघात अपवाद नाहीत. तिथे रजिस्टरमधला आकडा हाच विधवेच्या पुढच्या आयुष्याचा आकडा असतो.

उद्योगांची बाजूही सरळ मांडायला हवी. स्पंज आयर्नचा भाव बाजारात रोज हलतो, ओडिशा आणि झारखंडचे कारखाने स्पर्धेत आहेत, आणि छोट्या रोलिंग मिलचा नफा टनामागे थोडक्या रुपयांत असतो. दर वाढले तर आपण टिकणार नाही किंवा माणसे कमी करून यंत्रे आणू, असे मालक म्हणतात. हे सगळे खोटे नाही. पण या धंद्यात खर्चाचा मोठा भार लोहखनिज, कोळसा आणि वीज यांचा आहे. जुलै २०२४च्या अखेरीस छत्तीसगडच्या मिनी स्टील कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवले, ते वीजदर वाढले म्हणून. भट्टीच्या ताळेबंदात मजुरी कितव्या क्रमांकावर आहे, ते यावरून कळते. शिवाय न टिकण्याचा युक्तिवाद न्यायालयात फार पूर्वी निकाली निघाला आहे. कामगाराला किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला अस्तित्वाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात म्हटले, आणि किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते हे १९६१ साली केरळच्या उनिचोई खटल्यात पक्के केले.

वेतन वाढले की रोजगार घटतो, हा पाठ्यपुस्तकी सिद्धान्तही आता निर्विवाद राहिलेला नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२मध्ये तासाचा किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या खाद्यगृहांची तुलना केली आणि न्यू जर्सीतला रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळाले. या निष्कर्षावर वाद झाले आणि तो जसाच्या तसा उरल्याच्या कारखान्यांना लावता येणार नाही. त्यातला एक धागा मात्र इथे लागू पडतो. मजूर घेणारे मोजके असतील आणि मजुराला दुसरीकडे जाण्याची सोय नसेल, तर वेतन त्याच्या कामाच्या मोलापेक्षा खाली दाबले जाते. तिथे दर वाढवल्याने काम जाते असे नाही. बिरगावच्या खोलीत राहणारा, ठेकेदाराची उचल डोक्यावर असलेला परप्रांतीय मजूर नेमका या स्थितीत असतो.

छत्तीसगडच्या खेड्यातल्या मजुराची स्थिती अलीकडे थोडी वेगळी झाली आहे. राज्यात अंत्योदय आणि प्राधान्य गटातल्या तीन ते पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो तांदूळ मिळतो. २०२३-२४पासून सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये क्विंटलने घेते. मार्च २०२४पासून महतारी वंदन योजनेत विवाहित स्त्रीच्या खात्यात महिन्याला एक हजार रुपये येतात. ज्याच्या घरी दोन एकर धान आहे, तो कापणीच्या दिवसांत कारखान्याकडे फिरकत नाही. ‘फुकट तांदळाने मजूर आळशी झाला’ ही ओरड इथूनच येते. तो आळशी झालेला नाही. कमी पैशात भट्टीसमोर उभे राहायला नकार देण्याइतके बळ त्याला पहिल्यांदा आले आहे. मालक मग परप्रांतीय मजुराकडे वळतात. त्याच्याकडे छत्तीसगडची शिधापत्रिका नसते. एक देश एक शिधापत्रिका योजनेत त्याला केंद्राच्या वाट्याचे धान्य मिळू शकते, राज्याने वर घातलेले नाही.

शहरात मजुरीचा दुसरा बाजार चावडीवर भरतो. रायपुरातल्या चावड्यांवर सकाळी मिस्त्री, कुली आणि रेजा, म्हणजे बांधकामावरच्या बायका, टोपली-फावडे घेऊन उभे असतात. गाडी थांबते, ‘किती जण, किती रोजी’ इतकेच बोलणे होते. नऊ वाजेपर्यंत जो उचलला गेला नाही, तो परत जातो किंवा भाव उतरवतो. चांगल्या मोसमात इथला रोज सरकारी दराच्या वर जातो, आणि म्हणून बाजार स्वतःच पुरेशी मजुरी देतो असे म्हणणारे भेटतात. ते महिन्याचे दिवस मोजत नाहीत. पाचशे रुपये रोज, पण महिन्यात पंधराच दिवस काम, तर हाती साडेसात हजार येतात. पावसाळ्यात तेही नाहीत. रेजाला कुलीपेक्षा कमी रोज ही चावडीवरची जुनी रीत आहे. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला, ती रीत तशीच आहे.

घाऊक बाजारातल्या हमालांचा हिशेब पोत्यावर होतो. महाराष्ट्राने १९६९च्या माथाडी कायद्याने या प्रश्नावर एक वाट काढली: व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती हमालाला द्यायची. मालक आणि मजूर यांच्यात पैशाचा थेट व्यवहार नसल्याने कापून घेण्याची संधी उरत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्यात पुढे मंडळांचे गैरव्यवहार आणि बोगस माथाडी असे दोष शिरले. तरी रायपूरच्या गुढियारी किंवा डूमरतराई बाजारातल्या हमालाला त्याचा फायदा दरपत्रकातल्या दहा-वीस रुपयांपेक्षा जास्त झाला असता.

२१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राने चारही श्रमसंहिता लागू केल्या आणि १९४८चा कायदा वेतन संहितेत विलीन झाला. तिच्यात जमेच्या बाजू आहेत. अनुसूचित नियोजनांची अट गेली. किमान वेतन आता प्रत्येक कर्मचाऱ्याला लागू आहे. केंद्र जो तळाचा दर ठरवील, त्याखाली कोणतेही राज्य जाऊ शकत नाही. दावा करायची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली, आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आली. दुसरीकडे निरीक्षकाचा ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला. पहिल्यांदा चूक सापडली तर त्याने खटला भरण्याआधी मालकाला सुधारण्याची संधी द्यायची आहे. पहिल्या गुन्ह्याला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. वीस मजुरांचे महिन्याला पाच-पाच हजार वाचवणाऱ्या ठेकेदाराला हा दंड पंधरा दिवसांच्या बचतीएवढा पडतो. तपासणी कमजोर ठेवून दर वाढवला, तर कागदावरच्या आणि हातातल्या रकमेतली दरी तेवढी रुंदावते. प्रामाणिकपणे पूर्ण वेतन देणारा कारखानदार त्यात सर्वांत आधी मार खातो.

तरीही खासगी मालकाकडे बोट दाखवण्याआधी सरकारला स्वतःचे दार उघडावे लागेल. रायपुरात सरकारी कामावरच्या रोजंदारीचा दर ‘कलेक्टर दर’ म्हणून ओळखला जातो आणि आंदोलनांच्या फलकांवर हाच शब्द सर्वांत जास्त दिसतो. पूर्वी बूढा तलावाजवळ आणि आता नवा रायपूरच्या तूता धरणास्थळी बसणाऱ्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि शाळांतल्या रसोइया यांची मागणी एवढीच असते: कलेक्टर दर द्या. २०२३च्या सुरुवातीला अंगणवाडी सेविकांचा मोठा संप झाला. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ६,५०० रुपयांवरून १०,००० आणि मदतनिसांचे ३,२५०वरून ५,००० करण्यात आले. मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या रसोइयांचे १,५००वरून १,८०० झाले. ही रक्कम महिन्याची होती. रसोइया सकाळी चूल पेटवते, शाळाभर मुलांना जेवू घालते आणि भांडी घासून दुपारी घरी जाते. त्याच राज्याच्या दरपत्रकातला अकुशल मजूर इतके पैसे पाच दिवसांत मिळवतो.

कायद्यात यासाठी एक आडोसा आहे. या बायका कर्मचारी नसून ‘मानसेवी’ आहेत, त्यांना मिळते ते वेतन नसून मानधन आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात अंगणवाडी सेविकांना सरकारी पदावरचे कर्मचारी मानायला नकार दिला. २०२२ साली मणिबेन भारिया यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि त्यांचे काम अर्धवेळ नसल्याचे नोंदवले. ग्रामीण रोजगार हमीचीही तीच गत. मनरेगाच्या कलम ६ने केंद्राला किमान वेतन कायद्यापासून वेगळा दर ठरवायची मुभा दिली, आणि छत्तीसगडमध्ये २०२५-२६ साठी तो २६१ रुपये होता. शेजारी महाराष्ट्रात ३१२.

रायपुरात किमान वेतन वाढायला हवे. मूळ वेतनाची फेररचना १९५७च्या सूत्रावर आणि आजच्या भावांवर व्हायला हवी, आणि दरपत्रकावर महिन्याच्या आकड्याशेजारी तासाचा दर छापला पाहिजे. पण पहिली वाढ मदतनीस आणि रसोइया यांना मिळायला हवी. तिथे ओडिशाची स्पर्धा नाही, पोलादाचा पडता भाव नाही, पेटी ठेकेदार नाही. दर ठरवणारे आणि पैसे देणारे सरकार एकच आहे, आणि ते स्वतःच ठरवलेल्या किमान दराच्या निम्म्यानेही पैसे देत नाही.